डब्यावर चुना लिहिलं होतं

कोल्हापूर जिल्ह्यात असा एकही माणूस नाही, ज्याच्यावर माझ्या साडूंनी एकदा तरी संशय घेतलेला नाही. आणि यातून ते स्वतःलाही वगळत नाहीत. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, चार पावलं चालून माघारी यायचं, परत ओढायचं, आणि मग अक्कांना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, सांगायचं, "तू बघ जरा ओढून. माझ्या हातावर माझा भरवसा न्हाय." अक्का बत्तीस वर्षं ते कुलूप ओढताहेत. मी एकदा सहज म्हणालो, "पावणं, एवढं हाय तरी काय घरात?" झालं! त्या दिवसापासून सहा महिने माझ्यावर पाळत होती. दुसऱ्याच्या घरात काय आहे हे विचारणारा माणूस साधा नसतो, असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, आणि तेही माझ्यादेखत. साडू म्हणजे नात्यानं भावासारखाच, पण इतकी वर्षं झाली तरी ते मला पावणंच म्हणतात, म्हणून मीही त्यांना पावणंच म्हणतो. जवळच्या नावानं हाक मारली की माणूस गाफील होतो, असं त्यांचं मत आहे.

हा स्वभाव जन्माचा की नोकरीचा, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. त्यांची सगळी हयात एका दूध संघात दूध तपासण्यात गेली. पहाटेपासून गावोगावचे कॅन समोर यायचे आणि प्रत्येक कॅनमध्ये पाणी आहे असं धरूनच त्यांचा दिवस सुरू व्हायचा. निवृत्त झाले तरी खिशात लोक पेन ठेवतात तिथं यांचा लॅक्टोमीटर असतो, दुधात बुडवून पाणी किती घातलंय ते सांगणारी काचेची नळी. थंडीत आम्ही रविवारी सकाळी रंकाळ्यावर फिरतो आणि येताना कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितो. म्हैस समोर उभी, धार डोळ्यांदेखत काढलेली, पेल्यावरचा फेस अजून बसलेला नाही, आणि हे नळी बुडवणार! गवळी एकदा वैतागून म्हणाला, "आता म्हशीनंच पोटात पाणी मिसळलं असंल तर मला म्हाईत न्हाय बगा." साडूंनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हशीला काल किती बादल्या पाणी पाजलं होतं याची चौकशी सुरू केली. मी मान खाली घालून दूध प्यालो आणि पलीकडच्या कट्ट्यावर जाऊन उभा राहिलो.

मटणाचंही तेच. रविवारचं मटण हा आमच्याकडं हसण्यावारी न्यायचा विषय नाही, पण टांगलेल्या मटणावर साडूंचा विश्वास नाही. ते शनिवारी जाऊन बकरं जिवंत असताना बघून येतात. डोळे बघतात, दात बघतात, चार पावलं चालवून बघतात. एका शनिवारी त्या बकऱ्यानं यांची बोटं चाटली, शर्टाची गुंडी चावली, आणि हे तासभर तिथंच उकिडवे बसले. दुसऱ्या दिवशी आम्हाला सहकुटुंब जेवणाचं आमंत्रण होतं. सकाळपासून पोटात जागा ठेवून गेलो, तर ताटात भरलं वांगं! मी अक्कांकडं बघितलं, अक्कांनी छताकडं बघितलं. साडू भाकरी मोडत म्हणाले, "आज मटण चांगलं न्हवतं." माझं डोकंच सटकलं. पांढऱ्या रश्श्याला बोलावून वांगं वाढायचं म्हणजे काय चेष्टा आहे? खरी हकीकत मला पुढं खाटकाकडून कळली. यांनी ते बकरं त्या आठवड्यात कापायचं नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

आणि म्हणूनच या माणसावर मला धड रागावता येत नाही. माझं मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझा सख्खा भाऊ सफरचंदं ठेवून दहा मिनिटांत निघून गेला. साडू तीन दिवस उशाशी खुर्ची टाकून बसले. सलाईनची बाटली आली की कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा. औषधाचं नाव वाचायचं, तारीख वाचायची, आणि "ह्याच पेशंटची न्हवं?" असं सिस्टरला दर खेपेला विचारायचं. तिसऱ्या दिवशी ती बिचारी बाटली आधी त्यांच्या हातात द्यायची आणि त्यांनी मान हलवली की मग टांगायची. तीन दिवसांत एकही चूक सापडली नाही याचं त्यांना वाईटच वाटलं असावं. पण त्यांच्या त्या पहाऱ्यात मी इतका गाढ झोपलो की तसा जन्मात कधी झोपलो नव्हतो.

असं सगळं ठीक चाललं होतं. पण हाच संशय शुभाच्या लग्नाच्या आड यायला लागला, तेव्हा आमची हसायची सोय राहिली नाही. शुभा ही त्यांची एकुलती एक लेक, त्यांना आण्णा म्हणते. फिजिओथेरपिस्ट आहे; अर्ध्या कोल्हापूरचे गुडघे तिच्या हाताखालून गेलेत. तिला सात स्थळं आली आणि सातही साडूंनी मोडली. पहिल्या मुलाचा पुण्यात स्वतःचा फ्लॅट होता. साडू न सांगता पुण्याला गेले, दारावरची पाटी बघितली आणि माघारी येऊन म्हणाले, "पाटी जुनी, स्क्रू नवं. कालपरवा बसीवलीया." दुसरा मुलगा पोहे खाताना आधी बेदाणे शोधत होता, म्हणून गेला. तिसऱ्याच्या घरातली म्हैस यांच्या मते उपाशी होती. चौथ्याची आई फार हसत होती, पाचव्याची अजिबात हसत नव्हती, सहाव्याची यांच्याकडं बघून मगच हसत होती. सातवा मुलगा तर इतका गुणी निघाला की महिनाभर चौकशी करूनही काही हाती लागेना. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर साडू म्हणाले, "कुणीच ह्याच्याबद्दल वाईट बोलत न्हाय. एवढ्या माणसांची तोंडं ज्यानं बंद क्येली, त्यो साधा न्हाय." तोही गेला.

गेल्या थंडीत शुभा माझ्याकडं आली. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, मी एक मुलगा बघितलाय. प्रताप नाव. पाय मोडला होता त्याचा, माझ्याकडं व्यायामाला यायचा. दोन वर्षं झाली." मी म्हटलं, "अगं मग आण्णांना सांग की!" ती म्हणाली, "सांगितलं की चौकशीला निघणार आणि आठ दिवसांत कायतरी काढणार. काका, आण्णांनी न्हाई म्हटलं तर मी पळून-बिळून जायची न्हाई. त्यांचं ऐकीन मी. पण मग परत कुणापुढं पोह्याची ताटली घिऊन बसणार न्हाई. जन्मात न्हाई. हे शेवटचं." ती रडली असती तर मी तिची समजूत घातली असती. ती रडली नाही, उठून कप धुऊन ठेवला आणि गेली. तिशीतली पोर, बोलते कमी आणि बोललेलं करते. तेवढा एक गुण तिनं बापाचा घेतलाय. 

आता हे प्रतापचं घर मुरगूडच्या अलीकडं, आणि घरचं गुऱ्हाळ. मी आमच्या कॉलनीच्या मंडळाचा सेक्रेटरी. थंडीत एका शनिवार-रविवारी आमचा कार्यक्रम असतो. शनिवारी संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर पोराटोरांचे खेळ, शेकोटी आणि लकी ड्रॉ. रविवारी सगळ्यांची मिळून सहल. त्या वर्षीची सहल प्रतापच्या गुऱ्हाळावर न्यायची, असं मी, माझी बायको, अक्का आणि शुभा अशा चौघांनी ठरवलं. हे स्थळ आहे याचा साडूंना पत्ता लागू द्यायचा नाही. गरम गूळ खाऊन, माणसं बघून, मन जरा सैल झालं की मग हळूच सांगायचं. उसाची मोळी कोल्ह्याच्या नाकाखालून न्यायचा बेत होता तो, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

शनिवारीच साडू इतके सावध झाले की माझं धाबं दणाणलं. संगीत खुर्ची सुरू झाली. गाणं लावणारा माणूस खुर्च्यांकडं बघून गाणं बंद करतोय, असं त्यांनी जाहीर केलं. मग त्याला पाठमोरं उभं केलं. तरी मोबाईलच्या काचेत त्याला मागचं दिसत असेल, म्हणून त्याच्या डोळ्यांवर कानटोपी ओढली. तो बिचारा आंधळेपणानं चुकीचं बटण दाबून बसला आणि चार मिनिटं गाणं बंदच होईना. म्हाताऱ्या बायका फिरून फिरून चक्कर येऊन आपण होऊनच बसल्या. पुढं लकी ड्रॉ. साडू म्हणाले, सगळ्या चिठ्ठ्या आधी उघडून वाचा, मग परत घड्या घाला. वाचल्या. घड्या एकसारख्या नाहीत म्हणाले. परत घातल्या. मग एका चिमुरडीनं डोळे मिटून चिठ्ठी काढली आणि पहिलं नाव निघालं साडूंचंच! पाच लिटरचा कुकर! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. अक्का कुकर घ्यायला उठल्यासुद्धा. साडूंनी हात वर केला आणि म्हणाले, "माझंच नाव कसं निघालं? मला गप बसवायला ठरवून काढलंय ह्ये. न्हाय घ्यायचा कुकर." अक्का तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा जुना कुकर दोन महिने शिट्टीच देत नव्हता. तेवढ्यात शेकोटीपाशी माझ्या कानाशी येऊन साडूंनी हळूच विचारलं, "पावणं, उद्या कुठं न्यायलायसा आमास्नी?" मी म्हटलं, "गुऱ्हाळावर की." ते म्हणाले, "ते कळलं. कुणाच्या?" मला ठसकाच लागला. शेकोटीच्या धुरावर ढकलून मी तिथनं सटकलो.

रविवारी सकाळी दोन लहान बस निघाल्या. धुकं होतं, पोरांच्या तोंडातनं वाफा निघत होत्या, बायकांचे डबे एकमेकींच्या मांडीवरून फिरत होते. साडू खिडकीशी. पहिलं गुऱ्हाळ दिसलं, चिमणीतनं धूर निघतोय. "थांबा की हितंच." मी म्हटलं, पुढचं जास्त चांगलं आहे. दुसरं गेलं. तिसरं गेलं. चौथं गेल्यावर ते माझ्याकडं वळले. "चार गुऱ्हाळं सोडून पाचव्याला जायचं म्हंजे तिथं गुळात काय सोनं घालतात?" मी म्हटलं, तिथला गूळ नामी. "कुणी सांगितलं?" मी बायकोकडं बघितलं, बायकोनं खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांची नजर शुभावर गेली. संशय यायला नको म्हणून तिनं मुद्दाम जुना, विटका ड्रेस घातला होता. "कार्यक्रमाला नवा ड्रेस घालतीस आणि आज का जुना?" ती म्हणाली, "गूळ सांडला तर डाग पडतोय आण्णा." साडूंनी मान हलवली, पण खिडकीकडं वळले नाहीत. पुढचा सगळा रस्ता ते कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं बघत होते. 

गुऱ्हाळावर पोचलो तर वाफेनं सगळं भरून गेलं होतं. घाण्यातनं रस पडत होता, चुलाण्यात रस काढलेल्या उसाची चिपाडं धडधडत होती आणि मोठ्या काहिलीत रस उकळून सोनेरी होत होता. प्रतापचे वडील पुढं आले, डोक्याला मफलर, हाताला गूळ. कोण कुठले काही न विचारता त्यांनी सगळ्यांच्या हातात रसाचे पेले दिले. पोरांना काकवी, बायकांना द्रोणात गरम गूळ आणि वर शेंगदाणे. साडूंनी पेला हातात धरला, प्याले नाहीत. म्हणाले, "केवढ्याला?" प्रतापचे वडील हसले. "पावणं, गुऱ्हाळावर आल्याला माणूस तोंड गोड केल्याबिगार जात न्हाय. पैसं कुठलं?" साडू म्हणाले, "फुकट देतासा? का?" आता याला काय उत्तर आहे? त्या भल्या माणसानं जरा विचार केला आणि म्हणाला, "का म्हंजे? आलाय की तुम्ही." साडूंना हे उत्तर अजिबात पटलं नाही. त्यांनी लॅक्टोमीटर काढून रसात बुडवला! नळी रसात कुठंतरी भलतीकडंच जाऊन उभी राहिली, ते वाचता येईना म्हणून त्यांनी ती पुसून ठेवली आणि काहिलीकडं मोर्चा वळवला.

काहिलीपाशी गुळव्या उभा होता. गूळ कधी झाला हे नुसत्या नजरेनं ओळखणारा हा जुना कारागीर. त्यानं बादलीतनं हिरवट, बुळबुळीत पाणी रसात ओतलं. "ह्ये काय घातलं?" "भेंडीच्या झाडाचं पाणी. मळी वर येती." साडूंनी बोट बुडवून वास घेतला. भेंडीच होती. "पर रंग एवढा पिवळाधमक कसा? पावडर घालतासा न्हवं, रंगासाठी?" गुळव्या म्हणाला, "आमच्यात न्हाय घालत." नाही म्हटलं की साडूंना आहे असं ऐकू येतं. मी प्रतापच्या वडिलांशी काहीतरी बोलत उभा होतो. वळून बघतो तर साडू गायब. ते मागच्या शेडमध्ये शिरले होते. तिथं फळीवर एक पत्र्याचा डबा होता आणि त्यावर रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, चुना. आत पांढरी पावडर. गुळाला थोडी चुन्याची निवळी लागते, हे कोल्हापुरात कुणालाही माहीत. साडूंनाही माहीत. पण त्यांचा विचार असा चालला की, लबाडीचा माल ठेवणारा माणूस डब्यावर लबाडीचं नाव लिहील का? तो चुनाच लिहिणार. म्हणजे हा चुना नाही. आणि पुरावा म्हणून त्यांनी चांगली चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली.

चुनाच होता.

शेडमधनं जो आवाज आला तो मी साडूंच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. जीभ हातभर बाहेर काढून ते पळत आले, डोळ्यांतनं पाणी, आणि पोरांना वाटलं सहलीतला नवीन खेळ आहे, म्हणून तीही जीभ काढून मागं लागली. गुळव्या पोट धरून हसत होता. प्रतापची आई मात्र हसली नाही. तिनं त्यांना भरपूर पाण्यानं चुळा भरायला लावल्या, घरात जाऊन वाटीभर लोणी आणलं, स्वतः त्यांच्या जिभेवर थापलं आणि दरडावलं, "तोंड उघडं ठेवा. बोलू नगा. जेवणापतोर एक शब्द बोलायचा न्हाय." चाळीस वर्षं ज्यांनी सगळ्या जिल्ह्याला प्रश्न विचारले, ते माझे साडू चिपाडाच्या ढिगावर तोंड उघडं टाकून गप बसले. हसावं की रडावं मला कळेना. आमचा बेत तर गेलाच होता. अशा अपमानानंतर हे घर त्यांना पटणं शक्यच नव्हतं. शुभा लांब विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती.

तेवढ्यात प्रताप आला. जरा लंगडत होता. त्यानं ना मला विचारलं, ना शुभाला. सरळ जाऊन साडूंच्या शेजारी चिपाडावर बसला आणि म्हणाला, "आण्णा, मी प्रताप. शुभाची आणि माझी दोन वर्षांची ओळख हाय. आमाला लग्न करायचंय. तुमाला फसवून आणलंय आज. मला ते पटत न्हवतं, पर मी गप बसलो, ती माझी चूक."  अरे गाढवा, हे काय केलंस, असं ओरडावंसं वाटलं. तो बोलतच होता. "तुमी चौकशी करणार, त्यापेक्षा मीच सांगतो. बारावीला एकदा नापास झालोय. गाडी हळू चालवत न्हवतो, म्हणून पाय मोडला. आता थंडीत दुखतोय, म्हातारपणी जास्त दुखंल. राग आला की मी भांडत न्हाय, जेवत न्हाय. आईला त्याचा तरास होतो, शुभालाबी होईल. आमच्यात पहाटे उठाय लागतंय. गूळ चालू असला की मला सणवार सुचत न्हाय." साडूंनी तोंड उघडं ठेवूनच खाली वाकून एक चिपाड उचललं आणि पायाशी सांडलेल्या चुलाण्याच्या राखेत लिहिलं, 'आणि?' प्रतापनं ते वाचलं. दुखरा पाय लांब केला. मग म्हणाला, "आणि तुमचं लई भ्या वाटतंय मला." साडूंनी तळव्यानं राखेतलं अक्षर पुसलं, उठले आणि एकटेच उसाच्या बांधावरून चालत गेले. अर्ध्या तासानं आले, बसमध्ये शुभाशेजारी बसले आणि कॉलनी येईपर्यंत समोरच्या सीटकडं बघत राहिले. शुभानं त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी बोलता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी ते माझ्या दारात. जीभ सोललेली, बोलणं बोबडं. मी आधीच हात जोडले. म्हटलं, पावणं, चूक माझी, पोरीवर राग धरू नका. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मला बसमधीच कळलं हुतं. जुना ड्रेस बघितला तवाच. पोरगी कवा खोटं बोलती ते मला म्हाईत हाय, ती लहानपणापासनं डाव्या कानाला हात लावती." मी विचारलं, "मग उतरला का न्हाईसा?" त्यांनी खुर्चीचा हात हलवून बघितला. मग म्हणाले, "त्या सात पोरांत काय बी खोट न्हवती, पावणं. दोन-तीन तर लई चांगली हुती. खोट काढली न्हाय तर व्हय म्हणाय लागलं असतं. आणि व्हय म्हटलं की ती जाणार." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या डब्यावर चुना लिहिलंय ते मला दिसत हुतं की. वाचता येतंय मला. पर त्यो चुना नसावा, असं लई वाटत हुतं. दुसरं कायतरी निघालं असतं तर बरं झालं असतं."  तीस वर्षं मी या माणसाला संशयी म्हणत आलो होतो आणि त्याच्या पोटात हे होतं. तेवढ्यात त्यांनी खिशातनं मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. "नंबर लावून द्या त्या गुऱ्हाळवाल्यांचा. बोलणी कराय या म्हणतो. पोरगं खरं बोलतंय." मी नंबर लावला. 

उन्हाळ्यात लग्न झालं. साडूंनी मांडवाचे खांब स्वतः हलवून बघितले, भटजींच्या पंचांगाची छपाई तपासली, आणि पाठवणीच्या वेळी कुठं दिसेनात. शोधलं तर कार्यालयाच्या मागं गाडीच्या चाकातली हवा दाबून बघत बसले होते, चारही चाकांची, एकदा झाली की परत पहिल्यापासून. शुभाच तिकडं गेली, त्यांच्या शेजारी शालू सांभाळत खाली बसली, आणि मग दोघं उठून आले. मी तिकडं गेलो नाही. बापलेकीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि विचारायचीही हिंमत झाली नाही.

आता परत थंडी पडलीय. मंडळाच्या लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या केल्या, पण साडू या खेपेला चिठ्ठ्या तपासायला आले नाहीत, म्हणून लोकांनाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. परवाच्या रविवारी मी त्यांच्याकडं गेलो होतो. ते गच्चीत उन्हाला बसले होते. शुभाचा फोन आला. इकडनं पाच मिनिटं नुसतं 'हं', 'हं' चाललं होतं. शेवटी पलीकडनं ती म्हणाली, ते मलाही ऐकू आलं, "मी बरी हाय आण्णा, काळजी करू नगा." साडू "बरं" म्हणाले आणि फोन मांडीवर ठेवला. थोडा वेळ समोरच्या टाकीवरच्या कावळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पावणं, खरंच बरी असंल न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय की." माझं तर तिच्याशी पंधरा दिवसांत बोलणंही झालं नव्हतं. तुम्हाला काय म्हाईत, असं त्यांनी मला विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. मान हलवली, आणि माझी खुर्ची ओढून उन्हात घेतली.